श्वास शिकवायचा, तर वेळ कुणाचा?

कॉल सेंटरच्या फ्लोअरवर एक साधा हिशेब मांडता येतो. एका कॉलला सरासरी सहा मिनिटं लागतात असं धरू, म्हणजे ३६० सेकंद. ग्राहकाशी बोलणं, त्याला होल्डवर ठेवणं, कॉल संपल्यावर सिस्टीममध्ये नोंद करणं, सगळं त्यात आलं. लॉगिन असलेल्या वेळातला ९० टक्के वेळ माणूस कॉलमध्ये गुंतलेला असेल, तर दोन कॉलच्या मध्ये त्याला ४० सेकंद मिळतात. ही ऑक्युपन्सी ८० टक्के ठेवली तर ९० सेकंद. आता याच फ्लोअरवरच्या लोकांना जेवणाच्या सुट्टीत मीटिंग रूममध्ये बोलावून माइंडफुलनेस, म्हणजे आत्ताच्या क्षणाकडे लक्ष देण्याची सजगता, शिकवतात आणि सांगतात: कॉल अवघड गेला की तीन मिनिटं थांबा, श्वासाकडे लक्ष द्या, मग पुढचा कॉल घ्या. तीन मिनिटं म्हणजे १८० सेकंद. दोन कॉलच्या मध्ये एवढा वेळ हवा असेल तर ऑक्युपन्सी ६७ टक्क्यांवर उतरवावी लागेल, आणि ते कुठल्याही ऑपरेशन्सवाल्याला परवडणारं नाही.

मग शिकलेला माणूस काय करतो? तो ऑक्स लावतो, म्हणजे 'सध्या कॉल देऊ नका' असं सिस्टीमला सांगणारा कोड दाबतो. ठरलेल्या ब्रेकच्या बाहेरचा ऑक्स टीम लीडच्या स्क्रीनवर लगेच दिसतो. शेड्यूल किती पाळलं याच्या टक्केवारीतून तो वजा होतो, आणि ती टक्केवारी बहुतेक ठिकाणी महिन्याच्या इन्सेंटिव्हला बांधलेली असते. कंपनीने शिकवलेली गोष्ट कंपनीच्याच वेळात वापरली, तर पगाराला कात्री लागते.

माझं म्हणणं एवढंच आहे. सजगता ही खरी, शिकता येणारी आणि उपयोगी गोष्ट आहे. पण ती शिकायला वेळ लागतो आणि वापरायलाही वेळ लागतो. कंपनीला ती शिकवायची असेल, तर हे दोन्ही वेळ कंपनीने आपल्या घड्याळातून द्यावेत आणि तेवढं काम आधी कमी करावं. तेवढी तयारी नसेल तर वर्ग घेऊ नये.

हा वेळ म्हणजे नेमका किती, ते बघू. आज जगभर ज्या अभ्यासक्रमाचं नाव घेतलं जातं तो जॉन कबात-झिन यांनी १९७९ मध्ये अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या वैद्यकीय महाविद्यालयात सुरू केला. जुनाट दुखण्यांनी बेजार झालेले, डॉक्टरांचे उपाय संपत आलेले रुग्ण तिथे यायचे. अभ्यासक्रम आठ आठवड्यांचा. दर आठवड्याला अडीच तासांचा वर्ग, म्हणजे २० तास. शेवटच्या टप्प्यात एक पूर्ण दिवस मौनाचा, सुमारे सात तासांचा. आणि रोज ४५ मिनिटं घरचा सराव, आठवड्यातून सहा दिवस, म्हणजे आणखी ३६ तास. बेरीज साठाच्या वर जाते. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी चाचणीत चिंताविकाराच्या २७६ रुग्णांपैकी निम्म्यांना हा अभ्यासक्रम दिला आणि निम्म्यांना एस्सिटॅलोप्रॅम हे नेहमीचं औषध. आठ आठवड्यांनंतर अभ्यासक्रम औषधाच्या तुलनेत कमी पडला नाही. तिथेही मात्रा हीच होती: अडीच तासांचे वर्ग, एक पूर्ण दिवस, रोजचा पाऊण तास. ऑफिसातला एक तासाचा वेबिनार या संशोधनाचा दाखला देतो, पण मात्रा साठावा हिस्सा देतो. दहा दिवसांच्या अँटिबायोटिकची एकच गोळी देऊन गुण येईल असं कुणी डॉक्टर म्हणत नाही.

१९७९ हे साल आणखी एका गोष्टीसाठी लक्षात ठेवण्यासारखं आहे. त्याच वर्षी रॉबर्ट कॅरासेक यांचा कामाच्या ताणावरचा निबंध प्रसिद्ध झाला. अमेरिका आणि स्वीडनमधल्या कामगारांची आकडेवारी घेऊन त्यांनी दाखवलं की नुसतं काम जास्त असल्याने माणूस खचतो असं नाही. काम जास्त आणि ते कसं, कधी, कोणत्या क्रमाने करायचं यावर स्वतःचा ताबा कमी, ही जोडगोळी माणसाला खचवते. खूप काम असूनही ज्याच्या हातात निर्णय आहे तो तगतो. त्यामुळेच दिवसाला चौदा शस्त्रक्रिया करणाऱ्या सर्जनपेक्षा, लघवीला जायलाही परवानगी मागावी लागते त्या कॉल सेंटरच्या मुलीची अवस्था बिकट असू शकते. मधल्या चार दशकांत कंपन्यांनी कबात-झिन यांना जेवढं जवळ केलं तेवढं कॅरासेक यांना केलं नाही. कारण उघड आहे. पहिला उपाय कर्मचाऱ्याच्या डोक्यात होतो, दुसऱ्यासाठी रोस्टर, म्हणजे पाळ्यांचं वेळापत्रक, बदलावं लागतं.

नुसत्या पहिल्या उपायावर विसंबलं की काय होतं, याचा अंदाज ऑक्सफर्डचे विल्यम फ्लेमिंग यांच्या २०२४ मधल्या अभ्यासावरून येतो. ब्रिटनमधल्या २३३ संस्थांतल्या ४६,३३६ कर्मचाऱ्यांच्या पाहणीतून त्यांनी दोन गट ताडून पाहिले: माइंडफुलनेस, ताणनियोजनाचे वर्ग, वेलनेस अ‍ॅप यांत भाग घेतलेले आणि न घेतलेले. भाग घेणाऱ्यांची मानसिक स्थिती जवळपास कुठल्याच उपायात इतरांपेक्षा बरी निघाली नाही. वेगळा निघाला तो एकच उपक्रम, सेवाभावी कामाची संधी. या अभ्यासाला मर्यादा आहेत. लोकांना चिठ्ठ्या टाकून गटांत वाटलेलं नव्हतं, आणि ज्यांना आधीच त्रास आहे तेच अशा वर्गांकडे वळतात, ही शक्यता उरते. पण कंपन्या प्रत्यक्षात जे देतात त्याचं चित्र यात आहे, प्रयोगशाळेतल्या आदर्श वर्गाचं नाही. म्हणून मी त्याला वजन देतो.

'हे पाश्चात्त्यांचं झालं, ध्यान तर आपल्याकडचंच' असं एव्हाना कुणाच्या तरी मनात आलं असेल. सजगतेचं मूळ पाली परंपरेतल्या 'सति'त, म्हणजे स्मृतीत किंवा जागरूकतेत, आहे, हे खरं. आणि ऑफिसात ध्यान शिकवण्याचं एक जुनं उदाहरण आपल्याला माहीत असायला हवं, कारण त्याची परंपरा इगतपुरीपर्यंत येते. सयाजी ऊ बा खिन स्वतंत्र ब्रह्मदेशाचे पहिले महालेखापाल. आपल्या कार्यालयातल्या कर्मचाऱ्यांना ते विपश्यना शिकवायचे, आणि १९५० मध्ये त्या कार्यालयाचं स्वतंत्र विपश्यना मंडळच निघालं. १९५५ मध्ये त्यांच्याकडे शिकलेले सत्यनारायण गोयंका १९६९ मध्ये भारतात आले, आणि पुढे इगतपुरीचं धम्मगिरी हे विपश्यना केंद्र उभं राहिलं. ऊ बा खिन यांच्याबद्दल सांगताना एक भाग नेहमी गळतो. त्यांच्याकडे शेतमाल खरेदी-विक्रीच्या सरकारी मंडळाचा कारभार आला, तेव्हा त्यांनी तिथल्या भ्रष्टाचाराला आणि ढिसाळपणाला हात घातला. ध्यान शिकवणारा अधिकारी कार्यालयाची घडीही बदलत होता.

त्यांच्या पद्धतीतली एक गोष्ट मात्र आज उचलू नये. साहेबानेच हाताखालच्यांना शिकवणं आताच्या अप्रेझलच्या जगात चालणार नाही. साहेब बोलावतोय म्हटल्यावर 'नको' कोण म्हणणार?

यावरून वर्ग कसा घ्यावा याकडे येतो. नाव नोंदवायचं ते थेट बाहेरच्या शिक्षकाकडे. टीम लीडमार्फत नाही, आणि एचआरच्या सगळ्यांना दिसणाऱ्या शीटमध्येही नाही. बॅच पंधरा ते वीस जणांची. टीम लीड आणि मॅनेजर यांची बॅच वेगळी, कारण वर्गातला निम्मा वेळ सरावाचा असतो आणि निम्मा 'आत्ता काय जाणवलं' यावर बोलण्याचा. समोर आपला लीड बसला असेल तर सगळ्यांना 'छान वाटलं' एवढंच जाणवतं. वर्ग सुरू होण्याआधी शिक्षकाने प्रत्येकाशी पंधरा-वीस मिनिटं एकट्याने बोलावं. घरात नुकताच मृत्यू झालाय का, पूर्वी अपघात किंवा अत्याचार झालाय का, नैराश्याचा किंवा भास होण्याचा इतिहास आहे का, गोळ्या चालू आहेत का. अशा काहींनी वर्ग पुढे ढकलावा किंवा आपल्या डॉक्टरांना विचारून यावा. डोळे मिटून शरीराकडे लक्ष नेलं की काहींना विश्रांती मिळते, आणि काहींच्या अंगात दाबून ठेवलेली भीती वर येते. वीस जणांत असा एक जरी निघाला आणि शिक्षकाला ते आधी ठाऊक नसलं, तर त्या माणसाचं नुकसान होतं. दमा किंवा पॅनिकचा त्रास असलेल्यांना श्वासाकडे बघायला सांगितलं की काहींची धाप वाढू शकते. त्यांना लक्ष ठेवायला श्वासाऐवजी तळपायाचा जमिनीला होणारा स्पर्श द्यावा, मांडीवर ठेवलेले तळहात द्यावेत किंवा बाहेरचे आवाज द्यावेत. डोळे उघडे ठेवून चार-पाच फुटांवरच्या फरशीकडे पाहिलं तरी सराव तितकाच चांगला होतो, हे पहिल्याच दिवशी सगळ्यांना सांगायचं.

खोलीचंही तसंच. मीटिंग रूमच्या खुर्च्या चाकांच्या आणि मागे झुकणाऱ्या असतात, त्यांत पाठ सरळ राहत नाही. कॅन्टीनमधल्या चार पायांच्या साध्या खुर्च्या आणाव्यात. ज्यांचे पाय जमिनीला टेकत नाहीत त्यांच्या पायांखाली घडी केलेली सतरंजी ठेवावी. काचेच्या भिंतींना आतून कागद लावावा, कारण येणारे-जाणारे बघतायत हे कळलं की कुणी डोळे मिटत नाही. वेळ दुपारी दोन-अडीचची नको, अर्धी खोली पेंगते आणि 'मला ध्यान जमत नाही' असा समज घेऊन घरी जाते. अमेरिकेच्या वेळेवर चालणाऱ्या प्रोसेसमध्ये वर्ग शिफ्टच्या सुरुवातीला घ्यावा. पहाटे कॅब खाली उभी असताना नाही.

पहिल्या आठवड्यात सगळ्यात जास्त बिघडतं ते एका वाक्याने: 'मन रिकामं करा.' ते कुणाचंच होत नाही. सूचना वेगळी द्यावी लागते. लक्ष तळपायांवर ठेवा. ते जाईल. गेलं हे कळलं की कुठे गेलं होतं याची मनात एका शब्दात नोंद करा, 'टार्गेट', 'घर', 'राग', आणि परत पायांवर या. दहा मिनिटांत तीस वेळा लक्ष गेलं आणि तीस वेळा परत आणलं, तर व्यायामाच्या तीस उठाबशा झाल्या. हे समजलेला माणूस टिकतो. न समजलेला तिसऱ्या आठवड्यात गळतो, कारण तोवर त्याला वाटू लागतं की बाकीचे शांत बसलेत आणि आपलंच डोकं खराब आहे. मनुका खाण्याचा प्रसिद्ध सरावही पहिल्याच आठवड्यातला. एक मनुका तळहातावर घेऊन तिच्या सुरकुत्या, वास, दातांखाली फुटतानाचा आवाज, असं करत पाच मिनिटं लावायची. तो हसत-खेळत होतो. पण त्यावरच वर्ग संपवला तर लोकांच्या लक्षात फक्त मनुका राहते.

शिक्षक कसा निवडावा यावर फार लिहीत नाही. स्वतःचा काही वर्षांचा रोजचा सराव हवा आणि आठ आठवड्यांचा अभ्यासक्रम शिकवण्याचं रीतसर प्रशिक्षण हवं. शनिवार-रविवारच्या प्रमाणपत्रावर लोकांची मनं सोपवू नयेत. वर्गात मंत्र, ओंकार, देवादिकांच्या तसबिरी नकोत. एकाच फ्लोअरवर सगळ्या धर्मांचे आणि धर्म न मानणारेही बसतात, आणि पगार देणाऱ्याच्या वर्गात 'मला हे नको' म्हणणं सोपं नसतं.

घरचा सराव हा खरा अडसर. रोज ४५ मिनिटं हे मापच ज्याच्या घरात दार लावता येणारी खोली आहे त्याचं आहे. साडेआठला घरी पोचून कुकर लावणाऱ्या बाईने वन बीएचकेत, सासू-सासरे आणि मुलं टीव्हीसमोर असताना, कुठे बसायचं? तिला हे जमत नाही, मग अपराधी वाटतं, आणि ताण कमी करायला निघालेल्या वर्गाने तिच्या डोक्यावर आणखी एक काम ठेवलेलं असतं. म्हणून ऑफिससाठी माझं माप असं: आठवड्याला दोन तासांचा वर्ग आणि रोज वीस मिनिटं सराव, दोन्ही शिफ्टच्या आत, पगारी, वेगळ्या ऑक्स कोडखाली, शेड्यूलच्या टक्केवारीला धक्का न लागता. मूळ मात्रेपेक्षा हे कमीच आहे, आणि म्हणूनच याच्याही खाली जाऊ नये.

तिसऱ्या आठवड्याच्या गृहपाठाकडे कंपन्यांनी नीट पाहावं. त्यात रोज एक अप्रिय प्रसंग लिहायचा असतो: काय झालं, अंगात कुठे जाणवलं, मनात काय आलं. जबडा आवळला, मान ताठली, पोटात गोळा आला. अशी नोंद करता करता राग आल्याचं आधी कळू लागतं आणि ग्राहकाला उलट बोलण्याआधी एक क्षण हाती येतो. सजगतेचा हा फायदा खरा आहे आणि तो मोलाचा आहे. पण आठवडाभराच्या सात नोंदी ओळीने वाचल्या की आणखी एक गोष्ट दिसते. उद्याची शिफ्ट बदलल्याचा मेसेज रात्री साडेअकराला आला. लीडने सगळ्यांसमोर कॉल ऐकवला. सुट्टी मंजूर होऊन आदल्या दिवशी रद्द झाली. हे प्रसंग श्वासाने मिटणारे नाहीत, रोस्टर चार आठवडे आधी लावलं तर मिटणारे आहेत. कबात-झिन आणि कॅरासेक यांची गाठ या वहीत पडते. वही मात्र लिहिणाऱ्याची. तिच्यातलं काही कंपनीपर्यंत जायचं असेल, तर गटाने आपसात ठरवून, नावं काढून, स्वतःच्या शब्दांत द्यावं. अ‍ॅपचंही तेच. कुणी किती मिनिटं ध्यान केलं हे कंपनीला दिसता कामा नये, एकूण किती जण वापरतात एवढा आकडा पुरे, आणि दहापेक्षा लहान गटाचा तर तोही नको.

सजग माणूस जास्त काम उपसेल, या आशेने कंपनी वर्ग घेत असेल तर तिने अँड्र्यू हाफेनब्रॅक आणि कॅथलीन व्होस यांचे २०१८ मधले प्रयोग वाचावेत. ध्यानानंतर रटाळ काम करण्याची लोकांची इच्छा कमी झाली, कामाचा दर्जा मात्र घसरला नाही. मला यात आश्चर्य वाटत नाही. शांत बसून बघितलं की कुठलं काम निरर्थक आहे ते दिसणारच. ज्या कंपनीला हे ऐकून घ्यायचं नाही तिने वर्ग घेऊ नये.

छोट्या कारखान्यांचा आक्षेप रास्त आहे. एमआयडीसीतल्या चाळीस माणसांच्या वर्कशॉपमध्ये लाइनवरून वीस जण उठवता येत नाहीत. त्यांनी वर्गाच्या मागे लागू नये. प्रेस मशीनवरच्या माणसाला दर दोन तासांनी दहा मिनिटं मशीन बंद करून बाहेर उभं राहू द्यावं, पाणी आणि सावली जवळ ठेवावी, पाळी ठरल्या वेळेला सुटावी. केंद्र सरकारच्या आयुष मंत्रालयाने कामाच्या जागेसाठी पाच मिनिटांचा 'वाय-ब्रेक', म्हणजे योगाचा ब्रेक, काढला आहे. त्यातल्या हालचाली चांगल्या आहेत, पण तो जेवणाच्या अर्ध्या तासातून कापून घेऊ नये.

आणि पाळीचाच विषय निघाला म्हणून: सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने कारखान्यांतली दिवसाची मर्यादा नऊवरून बारा तासांवर आणि दुकानं-आस्थापनांतली नऊवरून दहा तासांवर नेण्याला मंजुरी दिली. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटना यांच्या २०२१ मधल्या अभ्यासानुसार आठवड्याला ५५ तास किंवा अधिक काम करणाऱ्यांना ३५ ते ४० तास काम करणाऱ्यांपेक्षा पक्षाघाताचा धोका ३५ टक्क्यांनी जास्त असतो, आणि हृदयविकाराने मरण्याचा धोका १७ टक्क्यांनी जास्त. बारा तासांची पाळी लावून तेराव्या तासाला ताणनियोजनाचा वर्ग ठेवण्याची वेळ कुणावर येऊ नये असं मला मनापासून वाटतं. तशी वेळ आलीच, तर तो वर्ग नाकारण्याचा आणि घरी जाऊन झोपण्याचा हक्क कामगाराला असला पाहिजे.

वर्ग घ्यायचाच ठरला, तर एचआरने शिक्षक शोधण्याआधी रोस्टर लावणाऱ्या माणसाकडे जावं आणि त्याच्या शेजारी बसून आकडा काढावा. वीस जण, आठ आठवडे, दर आठवड्याला दोन तासांचा वर्ग: ३२० तास. रोज वीस मिनिटं, आठवड्याचे पाच दिवस: सुमारे २६७ तास. एकूण ५८७. ब्रेक वगळून शिफ्ट आठ तासांची धरली, तर या ७३ शिफ्ट झाल्या, आणि आठ आठवड्यांत कामाचे दिवस असतात चाळीस. म्हणजे ही बॅच चालू असेपर्यंत फ्लोअरवर जवळजवळ दोन माणसं जादा लागतील. हे तास श्रिंकेजमध्ये, म्हणजे पगारी पण कॉल न घेण्याच्या वेळात, आधीच धरलेले नसतील, तर ज्या बुधवारी थांबलेल्या कॉलची रांग वाढेल त्याच बुधवारी वर्ग रद्द होईल, बहुधा दुसऱ्याच आठवड्यात. म्हणून त्या दोन माणसांच्या पगाराला मंजुरी मिळाली की मगच शिक्षकाला फोन करावा.